मलिक अंबराचे चित्र

काळ्या माणसाचे चित्र काढावयाचे तर काळा रंग घ्यावा, अशी आपली भाबडी समजूत असते. ती किती चुकीची आहे हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले, आणि तेही बंगळूरमध्ये, एका शाळकरी मुलीच्या शेजारी चटईवर बसून. ती मुलगी म्हणजे माझी नात. गेल्या फेब्रुवारीत एके दिवशी तिने शाळेतून एक चिठ्ठी आणली. बसवनगुडीतील एका सभागृहात संध्याकाळी सर्वांनी मिळून चित्रे काढावयाची होती. प्रवेशमूल्य नव्हते, कागद, रंग, कुंचले, सारे तेथेच मिळणार होते. विषय होता आफ्रिकेतून जगभर गेलेल्या, किंवा नेल्या गेलेल्या, माणसांचा इतिहास. मुलगा व सून कामावरून उशिरा येतात, तेव्हा सोबतीचे काम ओघानेच माझ्याकडे आले. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतील एलिमेंटरीच्या परीक्षेनंतर सुटला होता. परंतु नातीच्या आज्ञेपुढे आजोबांचे काय चालणार?

सभागृह साधेच होते. जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती, आणि त्यांवर पाण्याचे डबे व रंगांच्या बाटल्या मांडल्या होत्या. चाळीसएक माणसे असावीत. कानडी, तमिळ, मराठी, हिंदी अशा साऱ्या भाषा कानांवर पडत होत्या. बंगळूरचा हा गुण मला फार आवडतो. येथे कोणीही माणूस दुसऱ्याला आपली भाषा का येत नाही असे चटकन विचारीत नाही. निदान रंग कालवताना तरी नाही. शिकवणाऱ्या बाई कानडी होत्या, आणि त्यांच्या मदतीला येथील महाविद्यालयांत शिकणारे दोन आफ्रिकी विद्यार्थी होते. समोरच्या भिंतीवर तीन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती लावल्या होत्या. त्यांपैकी आवडेल त्या चित्रावरून आपले चित्र करावयाचे होते.

नातीने पहिलेच चित्र निवडले. पांढरा पातळ जामा घातलेला, एका बाजूने दिसणारा, धिप्पाड, सावळा नव्हे तर चांगला काळा, वयाने पोक्त असा एक पुरुष. तिने पेन्सिलीने बाह्यरेषा काढली आणि मग रंगांच्या बाटल्या एकेक उचलून पाहू लागली. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून तिने विचारले, "आजोबा, स्किन कलर कुठे आहे?"

मी तिला ती फिकट गुलाबी बाटली दाखवणार, एवढ्यात माझे मलाच थांबावे लागले. त्वचेचा रंग म्हणजे फिकट गुलाबी, हे त्या मुलीला कोणी शिकवले? तिची स्वतःची त्वचा तशी नाही, माझी नाही, त्या सभागृहात कोणाचीच नव्हती. अमेरिकेतील क्रेयोला कंपनी आपल्या रंगीत कांड्यांमधील अशाच एका कांडीला 'फ्लेश', म्हणजे मांसाचा किंवा कातडीचा रंग, असे म्हणत असे. १९६२ साली त्या कंपनीने ते नाव टाकून 'पीच' असे फळाचे नाव ठेवले. आपल्या मुलांच्या तोंडी मात्र ते जुने नाव 'स्किन कलर' होऊन अद्याप नांदत आहे. पण कांडीला तरी एकटीला दोष का द्यावा? वधुवरांच्या जाहिरातींतील गोरी, निमगोरी, गव्हाळ ही उतरंड आपल्याच भाषेतील आहे. उन्हात खेळू नकोस, काळी होशील, हे वाक्य माझ्या घरात मीच कितीदा उच्चारलेले आहे. ज्या भाषेने पंढरपूरच्या काळ्या देवावर इतके प्रेम केले, त्याच भाषेत हे चालते, ही एक विलक्षणच गोष्ट म्हणावयाची.

बाई आमच्याजवळ आल्या. त्यांनी काळ्या रंगाची बाटली उचलून सरळ बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या, ही आज कोणालाच द्यावयाची नाही. कारण काळा रंग नुसता लावला तर चेहरा मरतो. त्यात पांढरा मिसळून उजेड दाखवू गेले तर राखेसारखा करडा रंग होतो, आणि कोणत्याच जिवंत माणसाची कातडी तशी नसते. मग त्यांनी एका बशीत गडद तपकिरी रंग घेतला, त्यात थोडा निळा घातला, थोडा किरमिजी घातला. पाहता पाहता असा एक खोल, उबदार रंग तयार झाला की, जणू तो आतून तापलेला आहे. गडद त्वचेवर उजेड अधिक ठळकपणे दिसतो, हे त्यांनी एका विद्यार्थ्याच्या संमतीने त्याच्या कपाळाकडे बोट दाखवून समजावले. खिडकीकडील बाजूस आभाळाची निळसर छटा, दिव्याकडील बाजूस नारिंगी छटा, आणि गालाच्या हाडाखाली जांभळट सावली. आम्ही सगळे त्या मुलाकडे पाहत होतो, आणि तो बिचारा हसू आवरीत होता. एखाद्या माणसाकडे इतक्या लक्षपूर्वक, आणि तरीही काही वाईट मनात न आणता, आपण एरवी कधी पाहतो?

त्या तपकिरी रंगाच्या बाटलीवर 'बर्न्ट अंबर' असे नाव होते, आणि चित्रातील पुरुषाचे नाव होते मलिक अंबर. नातीला ही मोठी गंमत वाटली. वस्तुतः या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रंगाचे नाव इटलीकडून आले, तर हा अंबर म्हणजे अरबी भाषेतील ते सुगंधी द्रव्य, जे देवमाशाच्या पोटातून मिळते. गुलामांना अशी सुगंधांची आणि रत्नांची नावे ठेवण्याची त्या काळी रीत होती. नाव ठेवणारा मालक असे, आणि आईबापांनी ठेवलेले नाव मागे राहून जाई.

मलिक अंबर हे नाव महाराष्ट्रात कोणी ऐकले नाही असे नाही. तरीही त्याची हकीकत आपण बहुधा तुटकपणे ऐकलेली असते. इथिओपियात इसवी सन १५४८ च्या सुमारास तो जन्मला. लहानपणीच तो विकला गेला, हातोहात फिरत बगदादपर्यंत पोहोचला, तेथे मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला शिक्षण दिले, आणि पुढे तो दख्खनमध्ये आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही हबशीच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालकाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, त्याने स्वार जमवले, आणि १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर बुडत्या निजामशाहीला त्यानेच आधार दिला. राजवंशातील एका मुलास परांड्यास गादीवर बसवून पुढील सव्वीस वर्षे खरा कारभार त्याने केला. १६१० साली त्याने खडकी येथे नवी राजधानी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले. त्या शहरास पाणी पुरवणारी नहर-ए-अंबरी त्याची, आणि जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याची पद्धतीही त्याची, जी महसुलाच्या इतिहासात त्याच्या नावाने ओळखली जाते. १६२६ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

दिल्लीच्या जहांगीर बादशहास हा माणूस जन्मभर आवरला नाही. आपल्या आठवणींत बादशहाने त्याला त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या आहेत. एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारातील अबुल हसन या थोर चित्रकाराने एक चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. चित्राची कारागिरी अप्रतिम आहे, आणि त्यातील घटना सर्वस्वी खोटी आहे. तसे कधी घडले नाही. अंबर पुढे दहा वर्षे जिवंत राहिला, लढत राहिला, आणि आपल्या बिछान्यावर मेला. रणांगणावर जे साधले नाही ते कागदावर साधून घेण्याचा हा प्रकार होय.

पण मौज पाहा. त्याच दरबारात हाशिम नावाचा दुसरा एक चित्रकार होता. १६२० च्या सुमारास त्यानेही मलिक अंबराचे चित्र काढले. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे, आणि त्याचीच प्रत आमच्या समोरच्या भिंतीवर होती. या चित्रात शिवी नाही, स्तुतीही नाही. एक वयस्क, वजनदार, सावध माणूस तेथे उभा आहे. ज्याने शत्रूचा चेहरा असा काढला, त्याने तो प्रथम माणसाचा चेहरा म्हणून पाहिला असला पाहिजे. अंबराच्या मृत्यूनंतर मोतमदखान या मोगल इतिहासकारानेसुद्धा त्याच्या युद्धकौशल्याचा आणि न्यायी कारभाराचा मोकळेपणाने गौरव केला, आणि हबशी गुलाम इतक्या पदास चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही असे लिहून ठेवले. दरबारही एकमुखी नसतात.

दुसरी प्रत विजापूरच्या चित्राची होती. महंमद आदिलशहा हत्तीवर बसला आहे, आणि त्याच्या मागे त्याचा हबशी प्रधान इखलासखान. १६४५ च्या सुमाराचे हे चित्र हैदर अली व इब्राहीम खान या दोघांनी मिळून केले. हत्तीच्या निळसर करड्या अंगावर सोन्याची झूल अशी चमकते की, तिसऱ्या रांगेतील एका गृहस्थांनी संपूर्ण वेळ फक्त ती झूलच रंगवली. माणसांपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

या साऱ्याचा बंगळूरशी काय संबंध, असे एका कानडी मुलाने विचारले. संबंध आहे, आणि तो मराठी माणसाने सांगावयास हवा, म्हणून मी उठलो. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे मलिक अंबराने मोगल व आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. डोंगरांचा आधार घेऊन, शत्रूची रसद तोडून, मोठ्या सैन्याला थकवून मारण्याची जी युद्धपद्धती पुढे मराठ्यांची म्हणून गाजली, तिचा एक मोठा आचार्य हा हबशी होता. पुढे निजामशाही बुडाली, शहाजीराजे आदिलशाहीत गेले, आणि १६३८ साली केंपेगौडाच्या वंशजाकडून बंगळूर घेतले गेल्यावर ते शहर त्यांच्या जहागिरीचे ठाणे झाले. जयराम पिंड्ये यांच्या राधामाधवविलासचंपूत ज्या दरबाराचे वर्णन आहे, तो येथलाच. मलिक अंबराच्या तालमीत वाढलेला सरदार या गावात राहिला, त्याने येथे कारभार केला. मी बोलून खाली बसलो तेव्हा नातीने हळूच सांगितले, "आजोबा, तुम्ही फार वेळ बोललात."

तिचे खरे होते. पण मूळ प्रश्न राहिलाच होता. ही संध्याकाळ फेब्रुवारीतच का? त्याचे उत्तर अमेरिकेत आहे. कार्टर वुडसन हे गुलामीत जन्मलेल्या आईबापांचे पुत्र. कोळशाच्या खाणीत काम करून ते शिकले, आणि १९१२ साली हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. आपल्या लोकांचा इतिहास पाठ्यपुस्तकांत मुळीच नाही, हे पाहून त्यांनी १९२६ साली फेब्रुवारीचा दुसरा आठवडा त्या इतिहासासाठी राखून ठेवला. लिंकनचा जन्मदिन, आणि गुलामीतून निसटून मोठा वक्ता झालेल्या फ्रेडरिक डग्लसचा लोकांनी मानलेला जन्मदिन, दोन्ही त्या आठवड्यात येतात. १९७६ साली त्या आठवड्याचा महिना झाला.

आणि चित्रेच का? फुकट का? याचीही एक परंपरा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ऑगस्टा सॅव्हेज नावाच्या शिल्पकार बाई होत्या. १९२३ साली फ्रान्समधील एका उन्हाळी कलाशाळेने केवळ वर्णावरून त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी मग स्वतःच्या कार्यशाळेत वस्तीतील मुलांना शिकवावयास प्रारंभ केला. मंदीच्या काळात सरकारने कलावंतांना काम देण्याची योजना काढली, तिच्यातून १९३७ साली हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर निघाले, आणि सॅव्हेज त्याच्या पहिल्या संचालिका झाल्या. तेथे शिकण्यास पैसे पडत नसत. दिवसभर काम करून आलेली माणसे रात्री तेथे चित्रे काढीत. त्यांचे स्वतःचे मोठे शिल्प, 'द हार्प', १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात उभे होते. प्रदर्शन संपल्यावर ते धातूत ओतवून घेण्यास पैसे नव्हते, म्हणून ते पाडून टाकण्यात आले. शिष्य मात्र राहिले.

त्या हार्लेममध्ये तेरा वर्षांचा असताना आलेला, शाळा सुटल्यावर मुलांच्या फुकट वर्गांत चित्रे शिकलेला जेकब लॉरेन्स १९४१ साली अवघा तेवीस वर्षांचा होता, तेव्हा त्याने साठ फळ्यांची एक चित्रमाला पुरी केली. दक्षिणेतील कापसाच्या शेतांतून उत्तरेकडील कारखान्यांकडे गेलेल्या लाखो काळ्या माणसांचे स्थलांतर, हा तिचा विषय. आमच्याकडील तिसरी प्रत त्यातलीच होती. तिचे करणे मोठे विलक्षण आहे. साठही फळ्या त्याने एकाच वेळी मांडल्या. प्रथम साठही फळ्यांवर सर्वांत गडद रंग, मग त्याहून फिकट, मग त्याहून फिकट, असे करीत तो गेला. त्यामुळे पहिल्या चित्रातील निळा आणि शेवटच्या चित्रातील निळा हा एकच निळा आहे. प्रवास लांबचा, पण माणसे तीच, हे सांगण्यास त्याला शब्द लागले नाहीत.

महाराष्ट्राने या कथेकडे फार पूर्वी कान दिला होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली गुलामगिरी हे आपले पुस्तक, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. आणि १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा त्यांच्या दौऱ्यात बंगळूरही होते. मार्चमध्ये परत जाण्यापूर्वी त्यांचा निरोपाचा संदेश दिल्लीहून आकाशवाणीवरूनच प्रसारित झाला. ज्या माध्यमातून मी आपल्याशी बोलत आहे, त्याचा हा लहानसा मान मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

परंतु याच शहरात दुसरेही घडलेले आहे. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली एक स्थानिक स्त्री मरण पावली. त्यानंतर थोड्या वेळाने त्या रस्त्याने एक टांझानियन विद्यार्थिनी आपल्या मित्रांसह आली. तिचा त्या अपघाताशी काडीचाही संबंध नव्हता. जमावाने तिला मोटारीतून बाहेर ओढले, मारहाण केली, आणि मोटार जाळली. सर्व काळे चेहरे जमावाला एकच दिसले. त्या संध्याकाळी माझ्याजवळ बसलेला विद्यार्थी याविषयी आपण होऊन काही बोलला नाही. मीच विचारले, तेव्हा तो म्हणाला की, येथे त्याला मित्र पुष्कळ आहेत. खोली मात्र सात ठिकाणी नाकारल्यावर आठव्या ठिकाणी मिळाली. मग त्याने मला विचारले, तुमच्या भाषेत आम्हांला काय म्हणतात? मी 'हबशी' हा शब्द सांगितला. अरबीतील अल-हबश, म्हणजे इथिओपिया, यावरून तो आला, जंजिऱ्याच्या मुलखाला आमच्या बखरींत हबसाण म्हणत, हेही सांगितले. तो शब्द घरात मुलांना भिवविण्यासाठी वापरतात, एवढे मात्र मी त्याला सांगितले नाही.

आणि जे दूर आहेत त्यांची ही गोष्ट, असे समजण्याचेही कारण नाही. याच राज्यात उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागांतील जंगलांच्या कडेने सिद्दी लोक राहतात. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाटावर आले, असे मानतात. संख्या दहा हजारांच्या आसपास. घरात कोकणी वळणाची बोली, बाजारात कानडी, आणि सीमेकडे मराठीही सहज. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. त्यांच्या बायका जुन्या लुगड्यांच्या व सदऱ्यांच्या चिंध्या जोडून जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत आत शिवीत मध्यावर यावयाचे, आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घडीचे त्रिकोणी फूल लावावयाचे. फुलावाचून कवंदी उघडी, अपुरी मानतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाच्या खेड्यातील काळ्या स्त्रियाही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. त्या आता मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागतात. बाईंनी एक कवंदी आणली होती. ती भिंतीवर न लावता त्यांनी जमिनीवर अंथरली, आणि लहान मुले तिच्यावर बसून चित्रे काढीत होती. गोधडीचे काम गोधडी करीत होती, हे मला फार बरे वाटले. माझी आजी हिलाच वाकळ म्हणाली असती.

रात्री साडेनऊला चित्रे दोरीवर चिमट्यांनी वाळत टाकण्यात आली. माझे चित्र मलिक अंबरापेक्षा आमच्या गावच्या पोस्टमास्तरांसारखे अधिक दिसत होते. नातीच्या चित्रात नाक थोडे मोठे झाले होते, पण गालावरची जांभळट सावली बरोबर उतरली होती. नाव घालताना तिने कागदाखाली मराठीत 'मलिक अंबर' असे लिहिले. मग त्या विद्यार्थ्याला, त्याचे इथिओपियातले खरे नाव काय होते, असे विचारले. तो विद्यार्थी घानाचा होता. त्याने हसून मान हलवली आणि बाईंकडे बोट केले. बाईंनी सांगितले, आईबापांनी ठेवलेले नाव चापू होते असे म्हणतात. तिने कुंचला पुन्हा त्या तपकिरी रंगात बुडवला, आणि पहिल्या नावाशेजारी तेही लिहिले.